झडप आणि घड्याळ

लोखंडी भागावर जस्ताचा मुलामा चढवायचा असेल तर आधी त्याचा गंज काढावा लागतो. त्यासाठी तो भाग आम्लाच्या टाकीत बुडवतात. कारखान्यात या कामाला ‘पिकलिंग’ म्हणतात आणि टाकीतलं आम्ल बहुधा हायड्रोक्लोरिक असतं. टाकीला आतून रबराचं अस्तर असतं म्हणून ती वर्षानुवर्षं टिकते. तेच आम्ल शेजारच्या साध्या लोखंडी पाइपात शिरलं, तर पाइप थोड्याच दिवसांत भोकं पडून निकामी होतो. अशा वेळी मेंटेनन्सचा माणूस आम्लाला शिव्या घालत बसत नाही. तो व्हॉल्व्ह उघडून बघतो.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये अशा कामात हयात घालवलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. पण त्याच्याच छातीत रात्री जळजळ सुरू झाली की तो सकाळी मेडिकलवाल्याकडे जाऊन म्हणतो, “अ‍ॅसिडिटीचं काहीतरी द्या.” आपल्या जठरातही हायड्रोक्लोरिक आम्लच असतं. त्याला सांभाळणारं अस्तरही असतं. बहुतेकांच्या बाबतीत आम्ल जरुरीपेक्षा जास्त तयार होत नसतं, ते नको त्या नळीत शिरत असतं. म्हणजे खोट झडपेत असते आणि त्या झडपेवर रोज ताण आणणाऱ्या आपल्या वेळापत्रकात असते.

टाकी, अस्तर आणि नळी

प्रौढ माणसाचं जठर दिवसाला साधारण दीड ते अडीच लिटर पाचकरस तयार करतं. रिकाम्या पोटी त्याचा सामू दीड-दोनच्या आसपास असतो, म्हणजे लिंबाच्या रसापेक्षाही तो थोडा आंबट. हे आम्ल हवंच. ते अन्नातले जंतू मारतं आणि प्रथिनं तोडणाऱ्या पेप्सिनला कामाला लावतं. जठराच्या भिंतीवर चिकट श्लेष्म्याचा थर असतो, त्या थरात आम्ल मारणारा बायकार्बोनेट झिरपत असतो आणि भिंतीच्या पेशी दर काही दिवसांनी नव्या होत असतात. म्हणूनच जठर स्वतःलाच पचवून टाकत नाही.

पोटात नेमकं कोणतं आम्ल आहे, हे लंडनच्या विल्यम प्राउट या डॉक्टरने १८२४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवलं. ते काम करताना बघण्याची संधी मिळाली अमेरिकी लष्करातल्या विल्यम बोमाँट या सर्जनला. १८२२ साली अ‍ॅलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला बंदुकीचा बार लागला. तो वाचला, पण पोटावरची जखम पूर्ण मिटली नाही. थेट जठरात उघडणारं एक छिद्र कायमचं राहिलं. बोमाँटने त्या छिद्रातून दोऱ्याला बांधलेले मांसाचे तुकडे आत सोडले, ठरावीक वेळाने बाहेर काढले आणि निरीक्षणांचं पुस्तक १८३३ साली छापलं. चरबी पचायला वेळ लागतो, हेही त्याने टिपून ठेवलं होतं. वड्यापर्यंत पोचल्यावर ही नोंद आपल्या कामी येणार आहे.

घशापासून जठरापर्यंत जाणारी अन्ननलिका सुमारे पंचवीस सेंटिमीटर लांब असते. जठरासारखं अस्तर तिला नाही. दोन्हींच्या सांध्यावर स्नायूंचं एक कडं आहे आणि श्वासपटलाचे स्नायू त्याला बाहेरून चिमटा घेऊन आधार देतात. हीच आपली झडप. पण कारखान्यातल्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हसारखी ती एकाच दिशेला उघडत नाही. घास गिळला की ती उघडते, तशीच जठर फुगल्यावर आतली हवा सोडायलाही मधूनच सैल पडते. ढेकर येते ती याच वाटेने. हवेबरोबर थोडं आम्लही वर येतं. हे निरोगी माणसातही दिवसातून अनेकदा घडतं आणि त्याला पत्ताही लागत नाही. कारण पुढच्या घोटाबरोबर लाळ खाली उतरते आणि नळी धुऊन काढते. लाळेतही बायकार्बोनेट असतो.

झडप वारंवार सैल पडू लागली, आम्ल नळीत रेंगाळू लागलं की उरोस्थीमागे जळजळ सुरू होते, तोंडात आंबट पाणी येतं, घशाशी येतं. काहींचा जठराचा वरचा भाग श्वासपटलाच्या भोकातून छातीकडे सरकलेला असतो. त्याला हायटस हर्निया म्हणतात. त्यात कडं आणि चिमटा एकमेकांपासून दूर जातात आणि झडप आणखी दुबळी होते. दुर्बिणीतून पाहिलं तर अनेकांच्या नळीत जखमही दिसत नाही. तरी जळजळ खरी असते, कारण नळीतल्या नसा हळव्या झालेल्या असतात. अशा माणसाला ‘तुमच्या मनाचे खेळ आहेत’ असं सांगणं चुकीचं आहे.

पित्त एक, अर्थ चार

मराठी माणसाची अडचण थोडी भाषेचीही आहे. आपण म्हणतो, “पित्त झालंय.” यातून डॉक्टरने काय समजायचं? छातीत जळजळलं तरी पित्त. अर्धं डोकं ठणकून उलटी झाली तरी पित्त, जी बहुतेकदा अर्धशिशी असते. अंगावर लाल गांधी उठल्या तरी पित्तच, आणि ती त्वचेची अ‍ॅलर्जी असते. शिवाय साहेबांचं पित्त खवळतं ते वेगळंच. शरीरशास्त्रातलं पित्त म्हणजे यकृतात तयार होणारा हिरवट-पिवळा रस. तो जठराच्या पुढे, लहान आतड्यात उतरतो.

आयुर्वेदाने छातीतल्या जळजळीला वेगळं नाव दिलं होतं. माधवनिदानात अम्लपित्तावर स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्याचे ऊर्ध्वग व अधोग, म्हणजे वर जाणारं आणि खाली जाणारं, असे दोन प्रकार केले आहेत. आम्लाची ‘दिशा’ महत्त्वाची, हे त्या वर्गीकरणात दिसतं. रोजच्या बोलण्यात आपण ती दिशाच गाळली. म्हणून दवाखान्यात गेल्यावर ‘पित्त’ हा शब्द बाजूला ठेवावा. जळजळ कुठे होते, जेवणानंतर किती वेळाने होते, वाकल्यावर किंवा आडवं झाल्यावर वाढते का, एवढंच सांगावं. या तीन वाक्यांवरून डॉक्टरचं निम्मं काम होतं.

शिफ्टचं घड्याळ

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १ ऑगस्ट १९६२ रोजी स्थापन झालं. वागळे इस्टेट ही त्याच्या सुरुवातीच्या वसाहतींपैकी एक. नंबरांनी ओळखल्या जाणाऱ्या इथल्या रस्त्यांवर आधी इंजिनिअरिंगच्या शेड उभ्या राहिल्या. आता त्यांतल्या अनेक जागी काचेच्या आयटी इमारती आहेत. भोंगे कमी झाले, पण रात्रपाळी गेली नाही. लेथवरचा माणूस उठला आणि त्याच्या जागी हेडफोन लावलेला माणूस बसला, इतकाच बदल.

१९४८च्या कारखाना कायद्यात कँटीनची अट होती ती २५०हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांसाठी. पंधरा-वीस माणसांच्या शेडला ती कधी लागूच झाली नाही. त्या शेडचं कँटीन म्हणजे कोपऱ्यावरची टपरी. सकाळी घाईत उपाशीपोटी एक कटिंग, दहाला दुसरं, चारला वडापाव आणि तिसरं. डबा मिळेल त्या दहा मिनिटांत.

सेकंड शिफ्टच्या माणसाची रात्र कशी जाते ते पाहा. शिफ्ट सुटते बाराच्या सुमारास. किसननगर, सावरकरनगर, लोकमान्यनगर अशा जवळच्या वस्तीत राहणारा साडेबाराला घरी पोचतो. कळवा-डोंबिवलीकडे जाणाऱ्याला ठाणे स्टेशन गाठून शेवटच्या गाड्यांपैकी एखादी पकडायची असते. घरी ताट झाकून ठेवलेलं असतं. दिवसभराची भूक एकदम लागते. तो पोटभर जेवतो आणि पंधरा मिनिटांत आडवा होतो. तीनला जळजळीने जाग येते.

त्या दोन तासांत आत काय होतं? तट्ट भरल्याने जठर ताणलं जातं आणि झडप वारंवार सैल पडू लागते. नुकतंच तयार झालेलं आम्ल अन्नात मिसळत नाही. ते अन्नाच्या वर, सांध्याच्या अगदी खाली साचून राहतं. माणूस उभा असतो तोवर गुरुत्वाकर्षण त्याला खाली ठेवतं. आडवा झाला की तो आधार जातो. झोपेत लाळ जवळजवळ थांबते, गिळणंही थांबतं, त्यामुळे वर आलेलं आम्ल धुतलं जात नाही. दिवसा दोन मिनिटांत निघून गेलं असतं ते रात्री बराच वेळ नळीत पडून राहतं.

आता वडा. बेसनाचं आवरण, तळणाचं तेल, आत बटाटा, बाजूला लसणाची चटणी आणि तळलेली मिरची. आपण दोष मिरचीला देतो. मिरची आधीच हुळहुळलेल्या नळीला झोंबते हे खरं, पण अधिक गडबड तेलाची असते. स्निग्ध पदार्थ जठर उशिरा रिकामं करतात, म्हणजे ताण जास्त वेळ टिकतो. बोमाँटने दोऱ्याला बांधलेल्या मांसात हेच पाहिलं होतं. तरी वडापाव सगळ्यांनाच बाधतो असंही नाही. कुणाला चहा चालत नाही, कुणाला टोमॅटोची आमटी, कुणाला कच्चा कांदा. दुसऱ्याची पथ्याची यादी उचलण्यापेक्षा दोन आठवडे स्वतःची वही ठेवावी. काय खाल्लं, किती वाजता, कधी जळजळलं, एवढं लिहिलं की गुन्हेगार आपोआप सापडतो.

झडपेवर बाहेरूनही दाब येतो. सुटलेलं पोट, करकचून आवळलेला पट्टा, जेवल्याबरोबर वाकून माल उचलणं, या सगळ्यांत जठर खालून दाबलं जातं. अमेरिकेत परिचारिकांच्या मोठ्या पाहणीवर २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वजन जसं वाढलं तशी जळजळ वाढलेली दिसली. ज्यांचं वजन रूढ अर्थाने ‘नॉर्मल’ होतं त्यांच्यातही ते दिसलं. म्हणजे जाड असणं-नसणं एवढाच प्रश्न नाही. लग्नाच्या वेळचा पट्टा आता किती भोकं पुढे सरकलाय, तेही मोजायला हवं. बिडी-सिगारेट झडप सैल करते आणि लाळ कमी करते, म्हणजे दोन्हीकडून घात.

दोन विटा आणि डावी कूस

शिफ्ट बदलणं कामगाराच्या हातात नसतं, जेवणाची वाटणी मात्र असते. सेकंड शिफ्टवाल्याने मुख्य जेवण संध्याकाळी सात-आठच्या सुट्टीत डब्यातूनच उरकावं. घरी आल्यावर मऊ भात, पेज किंवा असंच हलकं, तेही थोडं. शेवटचा मोठा घास आणि अंथरूण यांत तीन तासांचं अंतर, हा जळजळीवरचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

झोपताना डाव्या कुशीवर वळावं. जठराचा फुगीर भाग डावीकडे असतो. डाव्या कुशीवर आम्ल त्या खोलगट भागात साचतं आणि सांधा त्याच्या वर राहतो. उजव्या कुशीवर सांधा आम्लाच्या पातळीखाली जातो.

उशाकडची बाजू उचलणं हा तिसरा उपाय. दोन-तीन उशा घेतल्या तर फक्त मान वाकते, पोट दुमडतं आणि दाब वाढतो. खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून ती बाजू पंधरा-वीस सेंटिमीटर उचलली तर अख्खं धड उताराला लागतं. पण दहा बाय बाराच्या खोलीत खाट कुठून आणायची? जमिनीवर झोपणाऱ्याने गादीखाली एक रुंद फळी तिरकी ठेवावी किंवा घड्या घातलेली घोंगडी अशी रचावी की कमरेपासून डोक्यापर्यंत सलग चढ तयार होईल. नुसतं डोकं वर करून उपयोग नाही.

आता घरगुती औषधं. थंड दुधाने तात्पुरतं बरं वाटतं, पण दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम जठराला नव्याने आम्ल करायला लावतात. म्हणून रोज रात्री पेलाभर दूध पिऊन झोपणं हा काही उपचार नव्हे. साळीच्या लाह्यांचं पाणी, धने-जिऱ्याचं पाणी सोसत असेल तर खुशाल घ्यावं, त्यात तेल नसतं आणि पोट तट्ट भरत नाही. पुदिन्याची गोळी मात्र जपून. तिने तोंडाला थंडावा येतो, पण पुदिना झडपेचे स्नायू सैल करू शकतो. त्यापेक्षा जेवणानंतर बिनपुदिन्याचं च्युइंगगम चघळलं तर लाळ सुटते आणि नळी धुतली जाते. आणि उपवास? साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचं कूट, हिरवी मिरची, वर बटाट्याच्या तळलेल्या सळ्या. एकादशी आणि दुप्पट खाशी, हे पूर्वजांनी उगाच म्हटलेलं नाही.

मेडिकलच्या काउंटरवर

औषधं तीन तऱ्हेची आहेत आणि तिन्हींची कामं वेगळी आहेत.

पहिली आम्ल मारणारी. फसफसणारा इनो किंवा गुलाबी पातळ औषध तयार झालेलं आम्ल निष्प्रभ करतं. आराम काही मिनिटांत पडतो आणि तितक्याच लवकर ओसरतो. इनोमध्ये सोडियम भरपूर असतं, तेव्हा रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्याने तो रोज घेऊ नये. याच गटाजवळची अल्जिनेटवाली औषधं समुद्री शेवाळापासून करतात. ती जठरात फेसाचा तराफा तयार करतात आणि तो तराफा आम्लावर तरंगून झडपेपाशी आडवा येतो.

दुसरी आम्लाची ऑर्डर रोखणारी. जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून निघालेलं सिमेटिडिन १९७६ साली बाजारात आलं आणि ब्लॅक यांना १९८८चं नोबेल मिळालं. आपल्याकडे घरोघर पोचलं ते त्याचं भावंड, रॅनिटिडिन. त्यात कर्करोगाशी संबंध असलेली अशुद्धी वाढत जाऊ शकते असं दिसल्यावर २०२० साली अमेरिकेने ते मागे घ्यायला लावलं आणि २०२२ साली भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतूनही ते वगळलं गेलं. घरातल्या डब्यात जुनी पट्टी पडली असेल तर ती टाकून द्यावी. याच कुळातलं फॅमोटिडिन मिळतं.

तिसरी आम्लाचे पंपच बंद करणारी. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल ही त्यांतली. “सकाळी उपाशीपोटी एक पॅन फॉर्टी” हे वाक्य आता चहासारखंच घरोघरी ऐकू येतं. जठराच्या पेशींत आम्ल बाहेर ढकलणारे सूक्ष्म पंप असतात आणि ते जेवणाच्या वेळी चालू होतात. गोळी चालू पंपालाच चिकटते आणि रक्तात ती स्वतः तास-दोन तासच जोरात असते. म्हणून ती जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायची. जेवून झाल्यावर घेतली किंवा घेऊन दुपारपर्यंत उपाशी राहिलं, तर तिचा बराच जोर फुकट जातो.

ही गोळी उत्तम आहे. नळीला जखम असेल तर तिच्याइतकं चांगलं औषध नाही. साधारण चार ते आठ आठवड्यांचा कोर्स असतो. गोची होते ती नंतर. डेन्मार्कमध्ये १२० निरोगी माणसांवर झालेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निम्म्यांना आठ आठवडे अशी गोळी दिली, बाकीच्यांना नुसती खोटी. गोळी बंद केल्यावर, आधी काहीही तक्रार नसलेल्या त्या माणसांपैकी ४४ टक्क्यांना आम्लाचा त्रास सुरू झाला. खोट्या गोळीवाल्यांत हा आकडा १५ टक्के होता. दाबून ठेवलेले पंप मोकळे झाले की काही आठवडे जोरात चालतात. माणसाला वाटतं, आजार परतला. तो पुन्हा पट्टी आणतो आणि दोन महिन्यांची गोळी दहा वर्षांची होते. म्हणून ती हळूहळू कमी करत सोडावी, मधल्या दिवसांत अल्जिनेटचा आधार घ्यावा. पुष्कळ वर्षं घेणाऱ्याने ब-१२ आणि मॅग्नेशियम तपासून घ्यावं. शाकाहारी माणसात ब-१२ आधीच बेताचं असतं. मात्र हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल, तर जठर वाचवायला डॉक्टरांनी दिलेली पंपाची गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

जळजळ आणि अल्सर यांचीही सरमिसळ होते. अल्सरमागे बऱ्याचदा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू असतो. हे पटवून देण्यासाठी ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल यांनी १९८४ साली त्या जंतूंचं मिश्रण स्वतःच प्यायलं. २००५ साली त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळालं. कंबरदुखीसाठी रोज वेदनाशामक गोळ्या गिळणं हे अल्सरचं दुसरं मोठं कारण. पोटात दुखतं म्हणून येणाऱ्या कामगाराला त्याबद्दल आवर्जून विचारायला हवं.

“गॅस झालाय”

हे प्रकरण इथपर्यंत वाचून सोडून दिलं तर धोका आहे. हृदय आणि अन्ननलिका यांच्या वेदना मज्जारज्जूत जवळजवळ त्याच ठिकाणी पोचतात. मेंदूला दोन्हींतला फरक नेहमी कळत नाही. हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका तर पोटाच्या वरच्या भागात दुखून, मळमळून येऊ शकतो. मग घरचे म्हणतात, “गॅस झालाय, सोडा घे.” ढेकर येते, थोडं बरं वाटतं आणि मोलाचा तास निघून जातो.

ढेकर आली म्हणजे हृदय ठीक आहे, असं मुळीच नाही. छातीत दाबल्यासारखं, आवळल्यासारखं वाटणं, चालताना किंवा जिना चढताना वाढणं आणि थांबल्यावर कमी होणं, घाम फुटणं, धाप लागणं, वेदना जबड्याकडे, खांद्याकडे किंवा हाताकडे जाणं, यातलं काही असेल तर सोडा-इनोने चाचणी करत बसू नये. १०८ला फोन करावा आणि ईसीजी काढावा. मधुमेही माणूस, वयस्कर माणूस आणि बायका यांच्यात लक्षणं आणखी पुसट असतात. ईसीजी साफ निघाला तर काही शे रुपये गेले असं समजावं.

जळजळीची आणखी काही रूपं थांबू न देणारी आहेत. घास अडकणं, न ठरवता वजन उतरणं, डांबरासारखी काळी शी होणं, रक्ताची उलटी, रक्त कमी झाल्याचं निदान किंवा साठीच्या आसपास पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास. यांत दुर्बिणीने तपासणी टाळू नये. वर्षानुवर्षं आम्ल झेललेल्या नळीचं अस्तर बदलू शकतं आणि त्यातून क्वचित कर्करोग होतो.

पगाराच्या स्लिपवर ईएसआयची कपात होत असेल, तर ही तपासणी कामगाराचा हक्क आहे, कुणाची मेहरबानी नाही. त्या योजनेचं रुग्णालय वागळे इस्टेटमध्येच आहे. सुट्टी मिळत नाही म्हणून पट्टीवर पट्टी आणणाऱ्याने एक रजा तिथे घालवली तर ती वाया जाणार नाही.

मेंटेनन्सच्या माणसाला ब्रेकडाउन आणि प्रिव्हेंटिव्ह यांतला फरक सांगावा लागत नाही. जळजळीची गोळी ब्रेकडाउनची आहे. डबा आठला खाणं, पट्टा एक भोक सैल करणं, डावी कूस, हे प्रिव्हेंटिव्ह. आणि ठाण्यात बांधकाम कुठे चालू नाही? येताना मुकादमाला विचारून चार विटा मागून घ्याव्यात. उशाकडच्या प्रत्येक पायाखाली दोन.